चौथा ढोल

मैदानात चालत कर्णे आणि ढोल वाजवणाऱ्या पथकांच्या स्पर्धेत मागच्या वर्षी आम्ही तेरावे आलो. ऑगस्टमधल्या अंतिम फेरीत बाराच पथकांना मैदानात उतरायला मिळतं, आणि बाराव्या पथकात नि आमच्यात पंधरा शतांश गुणांचा फरक होता. एका गुणाचे शंभर तुकडे करा, त्यातले पंधरा. तेवढ्यासाठी आमची दीडशे पोरं त्या दिवशी बाकांवर बसून दुसऱ्यांचं वाजवणं ऐकत होती.

मी एल्डन ब्रांट. विस्कॉन्सिनमधल्या एका शाळेत वर्षभर सुतारकाम शिकवतो आणि उन्हाळ्यात 'ग्रे हेरन' पथकाच्या पाच ढोलवाल्यांना वाजवायला शिकवतो. यंदा माझं एकविसावं वर्ष.

तेरावं आलेल्या पथकाकडून पुढच्या वर्षी लोक काय अपेक्षा धरतात, ते विचारू नका. मे महिन्यातच इंटरनेटवर याद्या लागल्या. कोणी आम्हाला नववं धरलं, कोणी दहावं. पथकातले जुने लोक, आता पोट सुटलेले आणि टक्कल पडलेले, घडीच्या खुर्च्या आणि थंड सोड्याचे डबे घेऊन सरावाला येऊन बसायला लागले. त्यातला एक मला रोज ऐकवायचा, "एल्डन, यंदा दहाच्या आत. नाहीतर ही खुर्ची तुझ्या डोक्यात."

या सगळ्याला कारण होती 'लाट'. यंदाचा आमचा कार्यक्रम लेक सुपीरियर सरोवरावरच्या वादळाचा. त्याच्या मध्यावर सगळे कर्णे एकदम थांबतात, झेंडेवाल्या मुली जमिनीवर बसतात आणि सोळा ठोके फक्त माझे पाच ढोल वाजतात. आमचे ढोल लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकाचा स्वर वेगळा. सूर एकाकडून दुसऱ्याकडे धावत जातो. एका हाताच्या पाच बोटांनी वाजवावं तसं पाच माणसांनी वाजवायचं, आणि तेही आडवं चालत, मध्येच वळत. मे महिन्यातल्या सरावात कोणीतरी त्याचं चित्रण करून टाकलं आणि ते लाखभर लोकांनी पाहिलं. 'लाट' लिहिली होती टेरेल मेबरीनं. टेरेल आमच्या तालवाद्यांचा प्रमुख, मेम्फिसचा. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याच हाताखाली तिसरा ढोल वाजवायचा. आता मी त्याच्या हाताखाली.

पहिल्या स्पर्धेला अकरा दिवस होते तेव्हा चौथ्या ढोलवाल्या डेव्हिनचा पाय मैदानात, जमिनीत राहणाऱ्या खारीच्या बिळात गेला. घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर.

त्या दुपारी टेरेल आणि मी जेवणाच्या ट्रकमागे उभे होतो. टेरेल म्हणाला, "चार ढोलांवर लिहून देतो. आज बसलो तर परवापर्यंत होईल."

"चार ढोलांवर लाट होणार नाही," मी म्हणालो. "डबकं होईल."

"मग कोण आहे तुमच्याकडे?"

होती एकजण, पण तिचं नाव घ्यायला मला लाज वाटत होती.

डिसेंबरात निवड झाली तेव्हा पाच जागांसाठी त्रेचाळीस जण आले होते. त्यात कॅन्सासमधल्या गार्डन सिटीची इत्झेल ओर्डाझ होती. बापाचं टायरचं दुकान, तिथंच काम करते. हात असे की ऐकत राहावं. पण उंची पाच फूट एक इंच. लहान ढोलांच्या जागा भरल्या होत्या आणि मोठ्या ढोलामागे ती दिसतच नव्हती. मी तिच्या कागदावर लिहिलं, 'मोठ्या ढोलासाठी उंची कमी', आणि तोंडावरही तेच सांगितलं. तिचं ते शेवटचं वर्ष होतं. वयाच्या एकविसाव्या वर्षानंतर आमच्याकडे मैदानात उतरता येत नाही. ती रडली नाही, वाद घातला नाही. जानेवारीत तिचा दोन ओळींचा ईमेल आला: 'कोणी गळालं तर मला बोलवा. मी तयार असेन.' असे ईमेल दर वर्षी दहा-बारा येतात. मी उत्तर दिलं नव्हतं.

मी फोन लावला. मागे कॉम्प्रेसरची घरघर चालू होती.

"इत्झेल? मी एल्डन ब्रांट. ग्रे हेरन."

घरघर थांबली. तिनंच बंद केला असावा.

"कोण पडलं?" तिनं विचारलं.

"डेव्हिन. घोटा मोडला."

"अरेरे. फार दुखतंय का त्याला?" मग, "कितवा ढोल?"

"चौथा."

"मिस्टर ब्रांट, मोठ्या ढोलाला माझी उंची पुरत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मग आता काय, मी वाढले की ढोल लहान झाला?"

"दोन्ही नाही," मी म्हणालो. "माझा अंदाज चुकला होता असं आज वाटतंय. अडचण आल्यावर वाटतंय, हेही खरं."

फोन तसाच धरून तिनं बापाला हाक मारली. दोघं स्पॅनिशमध्ये बोलले. मला दोनच शब्द कळले, 'हेरन' आणि 'ऑगस्ट'. मग ती म्हणाली, "उद्या दुपारी दुकान बंद करून निघतो. परवा सकाळी पोचतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी एक जुना पिकअप, आमचा सराव चालायचा त्या शाळेच्या आवारात शिरला. बापलेक आळीपाळीनं चौदा तास गाडी चालवत आले होते. बापाचं नाव ऑक्टाव्हियो. त्यानं आधी बर्फाचा डबा उतरवून स्वयंपाकाच्या ट्रकवर नेऊन दिला, त्यात मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेले शंभर तमाले होते. मग माझ्याकडे येऊन हात पुढे केला.

"तुम्हीच का ते, उंची मोजणारे?"

"मीच."

"दुकानात ती ट्रकचे टायर एकटी उचलते. ढोल उचलेल." तो लेकीकडे वळला. "पोरी, मी तुला न्यायला ऑगस्टमध्ये येणार. त्याच्या आधी रडत फोन केलास तर मी उचलायचा नाही."

"मी करणारच नाही," ती म्हणाली.

तो तसाच परत निघाला. दुकान उघडायचं होतं.

ढोल तिनं खरंच खेळण्यासारखा उचलला. पण खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवल्यावर त्याची वरची कड तिच्या भुवयांपर्यंत आली. समोरचं काही दिसेना. बाकीचे चौघं बघत उभे होते. पाचवा, सगळ्यात मोठा ढोल वाजवणारा थॅड हा त्यांचा म्होरक्या, ओहायोचा, सव्वासहा फूट. डेव्हिन त्याचा जिवलग दोस्त.

"ढोल आपला आपण चालतोय," थॅड म्हणाला. "आत मोटर बसवलीय का बघा रे."

दोघंजण हसले. इत्झेल ढोलामागून म्हणाली, "मोटर नाही. कॅन्सासचं इंजिन आहे. तुझ्या पायावर आलं तर सांग."

दुपारी मी पट्टा सोडवला, नवी भोकं पाडली आणि ढोल चार बोटं खाली घेतला. आता तिला कडेवरून दिसायला लागलं. पण मोठं पाऊल टाकलं की ढोलाची खालची कड गुडघ्यावर आदळायची. अर्ध्या तासात दोन्ही गुडघे लाल झाले आणि पाऊल आखडायला लागलं.

"दोन्हीतलं एकच मिळेल," मी म्हणालो. "डोळे नाहीतर गुडघे."

ती गवतावर बसून विचार करत राहिली. मग म्हणाली, "ढोल वर घ्या. गुडघे राहू द्या. डोळ्यांचं मी बघते."

आमच्या कार्यक्रमात प्रत्येकाला मैदानावरच्या सत्तरच्या वर जागा पाठ कराव्या लागतात. दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते आणि दोन रेघांमध्ये आठ पावलं. बाकीची पोरं रेघ बघून पाऊल सुधारतात. इत्झेलला ते शक्य नव्हतं. म्हणून तिनं पाऊलच असं घोटायचं ठरवलं, की सुधारायची वेळच येऊ नये. सगळे जेवायला बसले की ती मैदानात जायची. गळ्यातल्या वहीत जागा बघायची, डोळे मिटायची आणि चालायला लागायची. शेवटच्या पावलावर डोळे उघडून खाली बघायची. चुकली की परत पहिल्यापासून. पहिल्या दिवशी हातभर चुकायची, तिसऱ्या दिवशी चार बोटं.

थॅड मात्र तिला आपल्यात धरायला तयार नव्हता. काही बिघडलं की त्याची मान आधी तिच्याकडे वळायची. चौथ्या दिवशी 'लाटे'च्या शेवटी सूर अडखळला.

थॅड म्हणाला, "तू लवकर आलीस."

"मी वेळेवर आले," इत्झेल म्हणाली. "तुझा ठोका उशिरा पडला. तिथं तू डाव्या हातानं सुरू करतोस आणि मग हात गुंततात. वाजवून दाखवू?"

आणि तिनं स्वतःच्या ढोलावर थॅडचा भाग वाजवला. आधी त्याच्या चुकीसकट, मग बिनचूक. थॅडचे कान लाल झाले होते.

"माझा भाग तुला कसा येतो?"

"मला पाचही येतात. डिसेंबरात निवडीच्या वेळी वाजवायला दिलेल्या कागदांवरून बसवले, नवीन काही इंटरनेटवर आलं की ते ऐकून. टायर बदलायला गिऱ्हाईक नसलं की टायरवरच वाजवायचे." ती खांदे उडवून म्हणाली, "कोण पडेल ते मला काय माहीत?"

सुतारकामात मी पोरांना एक सांगतो, लाकूड बघून त्याची जात कळत नाही, रंधा मारल्यावर कळते. स्वतःला ते सांगायला मी डिसेंबरात विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मैदानाकडे बघितलं तर तिथं दोघं चालत होते. एक बुटकी, एक ताडमाड, दोघांचेही डोळे मिटलेले. थॅड तिच्यापेक्षा जास्त चुकत होता आणि ती त्याला मोठ्यानं सांगत होती, "तुझे पाय नुसते लांब आहेत, थॅड. हुशार नाहीत."

गुरुवारी संध्याकाळी पहिली संपूर्ण तालीम झाली. बाकांवर दीडशे-दोनशे माणसं होती, जुने लोक पहिल्या रांगेत. कर्णे झकास वाजले. 'लाट' आली आणि अर्ध्यावर फुटली. वळताना वाऱ्यानं इत्झेलच्या ढोलाला धक्का दिला, ती अर्धं पाऊल सरकली, तिसऱ्याला वाटलं आपणच चुकलो, आणि पाचांचे पाच वेगळे सूर झाले.

तालीम संपल्यावर टेरेलनं मला बाजूला घेतलं. "परवा 'लाट' नको. तिथं कर्णे चालू ठेवू, ढोल मागे उभे राहतील. जुलैमध्ये परत घालू."

"लोक तेच बघायला येणार आहेत."

"म्हणूनच म्हणतोय. पहिल्या स्पर्धेत परीक्षकांनी तुमचा जो नंबर मनात धरला, तो पुसायला महिना जातो. एल्डन, मला खरं सांगा. ठेवा असं तुमचा अनुभव सांगतोय की डिसेंबरातला अपराधीपणा?"

दोन्हीही होतं. मी म्हणालो, "पोरांना विचारू."

पाचही जण गवतावर पाय पसरून बसले होते. टेरेलनं त्यांना सरळ सांगितलं. थॅड लगेच म्हणाला, "ठेवायचीच. काढली तर गावभर होईल की हेरन घाबरले."

इत्झेल म्हणाली, "माझ्यासाठी ठेवणार असाल तर काढा."

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"खरंच सांगते. एवढ्या लांब मी कोणाची दया घ्यायला आले नाही. उद्या सकाळी ओळीनं दहा वेळा वाजवू. दहाही चोख झाल्या तर ठेवा. एक जरी माझ्यामुळे फसली तर मीच मागे जाऊन उभी राहते."

"दहा," टेरेल म्हणाला.

शुक्रवारी सकाळी दव होतं. टेरेल रेघेवर उभा राहिला, माझ्या हातात ठोके देणारं यंत्र. पहिली चोख. दुसरी चोख. पाचव्याला आजूबाजूची पोरं सराव थांबवून बघायला लागली. सातवी तर अशी झाली, की माझ्या हातावर काटा आला. आठवीत शेवटून दुसरा ठोका पुसट पडला. इतका पुसट, की बघणाऱ्यांपैकी कोणाला कळलाच नाही. टेरेलनं माझ्याकडे बघून भुवई उचलली. सोडून द्यावं का, असं तो विचारत होता. मी हो म्हणून मान हलवणार तोच थॅड म्हणाला, "तो मी होतो. काठी घसरली."

"कळला आम्हाला," टेरेल म्हणाला. "पण अट तुझ्यासाठी नव्हती. चालू द्या, नववी."

"नाही," इत्झेल म्हणाली. ती धापा टाकत होती, केस कपाळाला चिकटले होते. "दहा म्हणजे दहा. कोणाची चुकली हा प्रश्न नाही. परत एकपासून."

थॅडनं ढोल खांद्यावर नीट केला. "ऐकलंत ना," तो बाकीच्यांना म्हणाला. "एकपासून."

त्यांनी पुन्हा दहा वाजवल्या. सलग, एकही न चुकता. शेवटची झाल्यावर कोणी ओरडलं नाही. टेरेल फक्त म्हणाला, "पाणी प्या," आणि पाठ करून चालायला लागला. चष्मा पुसायला तो थेट गोलपोस्टपर्यंत कशाला गेला ते मी त्याला विचारलं नाही.

शनिवारी संध्याकाळी, ऊन अजून तिरकं होतं तेव्हा, आम्ही स्पर्धेच्या मैदानात उतरलो. सहा पथकं होती, त्यात मागच्या वर्षीचं बारावं पथकही. मी रेघेबाहेर उभा होतो. आमचा कार्यक्रम अजून पूर्ण बसलेला नव्हता. शेवटची दोन मिनिटं पोरं न चालता, एका जागी उभ्यानं वाजवणार होती, झेंडे अर्धेच रंगले होते. जूनमध्ये असंच असतं. ऑगस्टमध्ये काय होईल याचा अंदाज लोकांना यावा, एवढंच जूननं करायचं.

कर्णे थांबले. मुली खाली बसल्या. पाच ढोल आडवे निघाले. वारा होता, गुरुवारपेक्षा जास्तच. वळणावर मी इत्झेलच्या पायांकडे बघत होतो, कारण ढोलाखाली तेवढेच दिसत होते. ते पाय वळले आणि जिथं पडायचे तिथंच पडले. सूर पहिल्या ढोलावरून निघाला, पाचव्यावर गेला, उलटा फिरला, आणि सोळाव्या ठोक्याला पाचही ढोल एकत्र थांबले. बाकांवरची माणसं उभी राहिली. पुढचे कर्णे सुरू झालेले मला ऐकूच आले नाहीत.

आम्ही दुसरे आलो. मागच्या वर्षीच्या बाराव्या पथकाच्या चार दशांश गुण पुढे. तालवाद्यांत पहिले. पुढे ऑगस्टमध्ये आम्ही अकरावे आलो, दहाच्या आत नाही. तरी अंतिम फेरीत आम्ही मैदानात होतो, बाकांवर नव्हतो.

पण मला विचाराल तर त्या उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट रविवारी सकाळी घडली. परीक्षक मैदानात फिरताना जे दिसेल ते ध्वनिमुद्रकात बोलत असतात आणि दुसऱ्या दिवशी ते पथकाला ऐकायला मिळतं. नाश्त्याच्या वेळी टेरेल फोन घेऊन आला आणि ढोलवाल्यांच्या मध्ये गवतावर बसला. तालवाद्यांचे परीक्षक म्हणजे जुनं खोड, एका दमात बोलणारे. इथं हात सैल, तिथं रांग वाकडी, काही सुटत नव्हतं. मग 'लाट' सुरू झाली आणि त्यांचा आवाज बंद झाला. सोळा ठोके नुसते ढोल. मग त्यांचा श्वास ऐकू आला, आणि ते म्हणाले, "चौथ्या ढोलावर कोण आहे? मला माणूस दिसत नाहीये. पण जो कोणी आहे, त्याला सांगा, मी ऐकलं."

"त्याला नाही, तिला," थॅड फोनला म्हणाला.

इत्झेलनं अंड्याचा घास तोंडात तसाच ठेवला होता. तिनं तो हळूहळू चावून गिळला. मान खाली होती, पण कानापर्यंत हसू आलेलं मला दिसत होतं.

"परत लावू?" टेरेलनं विचारलं.

"नको," ती म्हणाली. "त्याच्या आधी ते काय म्हणाले ते लावा. हात सैल म्हणाले ना? कोणाचे?"

टेरेलनं फोन मागे नेला. पाचही जण पुढे वाकून ऐकायला लागले, आणि मीही माझी थाळी घेऊन त्यांच्यात जाऊन बसलो.